मीच!

मे महिन्यातली नागपूरची दुपार. कूलर घोंघावतोय आणि दाराशी अडीच वर्षांचं पोट्टं सँडल घालत बसलंय. उजवा सँडल डाव्या पायात, पट्टा दुमडून टाचेखाली. कोणी हात लावायला गेलं की "मीच!" अशी आरोळी ठोकतं, की शेजारच्या काकू गॅलरीतून विचारतात, "काऊन रडून राहिलं बाप्पा?"

या वयात इच्छा पुढे धावते, बोटं आणि शब्द मागे राहतात. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग म्हणे पंचविशीपर्यंत घडत असतो. मांडवात रुसून बसणारे मामा पाहिले की मुदत वाढवून द्यावीशी वाटते.

थॉमस आणि चेस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांचे स्वभाव नोंदवायला घेतले. दहातलं साधारण एक पोर मुळातच असं निघालं: रडणं-हसणं दोन्ही जोरात, नव्या गोष्टीला आधी नकार, भूक-झोपेला वेळ नाही. "लाडानं बिघडवलंय" म्हणणाऱ्या आत्याबाईंना हे सांगून उपयोग नाही. आईला सांगावं.

सँडलचं म्हणाल तर एका रुंद वेल्क्रोचाच घ्यावा. बकल या बोटांना झेपत नाही. एक गोल स्टिकर मधोमध कापून अर्धा-अर्धा दोन्ही सँडलच्या आतल्या कडेला चिकटवावा. चित्र जुळलं की जोडी बरोबर. निघायच्या दहा मिनिटं आधी सँडल हातात द्यावेत आणि आपण पाण्याची बाटली भरायला निघून जावं. बघत उभं राहिलं की आपलेच हात शिवशिवतात.

"फुटाळा तलावावर जायचं का?" असं विचारू नये. "नाही" ऐकून घ्यायचं नसेल तर प्रश्न कशाला? "लाल टोपी की निळी?" हे विचारावं. बागेतून निघताना "पाच मिनिटांत" म्हणण्यात अर्थ नाही, घड्याळ कुणाला कळतंय. "अजून तीनदा घसरगुंडी, मग घरी" हे मात्र कळतं. एकदा जमिनीवर लोळण घेतली की भाषण बंद. जवळ बसावं, डोकं फरशीवर आपटणार नाही एवढं पाहावं. वीस मिनिटांनी हरून चॉकलेट दिलं, तर पुढच्या वेळी वीस मिनिटं रडायचं हे पक्कं होतं. द्यायचंच तर पहिल्याच मिनिटाला द्या, निदान कान वाचतील.

एक गोष्ट मात्र हट्टाच्या खात्यात टाकू नये. रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडले, पोर क्षणभर बेशुद्ध झालं, तर कुशीवर निजवावं. हलवू नये, तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवू नये. बहुतेकदा मिनिटाच्या आत श्वास परत येतो. नाही आला तर १०८ ला फोन. सावरलं तरी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावं, कारण अंगात लोह कमी असेल तर हे वारंवार होतं. आणि रोज लिटरभर दुधावर राहणाऱ्या, जेवण न शिवणाऱ्या पोरात लोह बऱ्याचदा कमी असतं, मग ते कितीही गुटगुटीत दिसो.