मेळघाटातली कुटी, कवेलू आणि वांदरं

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायला मेळघाटात गेलो होतो, पण परत येताना डोक्यात अस्वल-गवा काही नव्हतं, होती ती संरक्षण कुटी. म्हणजे वनरक्षक आणि वनमजूर जिथे राहून गस्त घालतात ते घर. मी पडलो सिव्हिलवाला, नजर आधी छपराकडेच जाते, काय करणार.

मे महिना, पारा ४४ च्या आसपास. आमच्या अमरावतीच्या घरी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती सगळी गरमी आपल्या अंगावर ओततो, मग आपण कूलर लावून मोकळे. इथे वीज सोलरची, त्यात पहिला मान वायरलेस सेटचा, मग मोबाईल, मग दिवा, कूलर कुठला! म्हणजे घरच थंड पाहिजे. आणि ते उत्तर इथल्या कोरकू आदिवासींच्या घरांत आहेच की, कुडाच्या शेणामातीनं लिपलेल्या भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, गरम हवा फटींतून वर निघून जाते.

मी लगेच शहाणपणा पाजळला, कुटीवरचं टिन काढा, कवेलू टाका. गार्डभाऊ हसला. "कवेलू थंडच असते भाऊ, पन वांदरं टिकू देतेत का?" बरोबर आहे, एक टोळी उड्या मारून गेली की अर्धं छप्पर फुटलं, आणि पावसाळ्यात जंगलात कवेलू फेरायला कोण येणार? गवत टाकावं तर उन्हाळ्यात वणव्याची भीती. मग म्हटलं टिन राहू द्या, खाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत करा, दोन्ही टोकांना हवा जायला जाळी ठेवा. तर म्हणे तट्ट्यावर उंदीर येतील आन उंदरामागं साप. जाळी बारीक हवी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं!

सांडपाण्यावर पपई लावायची माझी आयडिया तर त्याने ऐकूनही घेतली नाही, फळ दिसलं की वांदरं आणि अस्वलं दारात. शोषखड्डाच बरा.

सोलरचंही तसंच, पॅनल वर्षानुवर्षं चालतं, मरते ती बॅटरी, साधं डिस्टिल्ड वॉटर वेळेवर पडलं नाही म्हणून.

शेवटी मी वहीच पुढे केली, तुम्हीच सांगा काय पाहिजे. त्याने क्षणभरही विचार केला नाही, "चार खाटा मावतीन असा व्हरांडा द्या, जाळी लावलेला. उन्हाळाभर आत झोपतो कोन?"

माझ्या प्लॅनमध्ये व्हरांडा चार फुटी होता.