निऱ्यांआडचा गुडघा

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांना कापडाचं अप्रूप नसतं. आमच्या घरी पॉवरलूम होते. साडी म्हणजे बीम, कांडी, तुटलेला धागा आणि व्यापाऱ्याकडून यायचे राहिलेले पैसे. ती बाईच्या अंगावर गेल्यावर तिचं काय होतं, हे आमच्यात कुणी बघत नसे. मला ते बघायला लावलं आपल्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी. आज मी ब्लाऊज आणि नऊवारी शिवून पोट भरते, त्यात टेलरिंग क्लासचा वाटा आहेच. पण सरांच्या पत्र्याच्या ट्रंकेचा त्याहून मोठा.

ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर परीक्षा सगळ्यांनी दिल्या आणि सर्टिफिकेटं कपाटात गेली. ट्रंक मात्र डोक्यात राहिली. जुन्या दिवाळी अंकांतून, कॅलेंडरांवरून कापलेली चित्रं तिच्यात असत. त्यातलं एक होतं शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’चं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना, १८९६ साली त्यांनी प्लास्टरमध्ये घडवलेली ही देवळाकडे निघालेली तरुणी. आम्ही तिचा चेहरा बघायचो. सर म्हणायचे, “चेहरा काय बघताय, हिचा गुडघा कुठं आहे सांगा बघू.” गुडघा तर लुगड्याआड! मग कळायचं, की मांडीवर कापड ताणलंय, तिथून खाली ते सैल सुटलंय, आणि ताण जिथं संपतो तिथंच गुडघा आहे. दगडमातीत काम करणाऱ्या माणसानं कापड इतकं वाचलेलं, आणि आम्ही विणकरांची पोरं!

हल्ली शिवलेल्या नऊवारीला फार मागणी आहे. लग्न, हळदीकुंकू, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या नऊवाऱ्या म्हणजे निऱ्या चिकटवलेला पायजमा. निऱ्या पार खालपर्यंत टाचून टाकतात, म्हणून बाई चालली तरी कापड हलत नाही. मी कमरेखाली चार बोटं टाचते आणि पुढं सोडून देते. काष्टा मागं खोचलेला दिसला पाहिजे, शिवलेला नव्हे. गिऱ्हाइकाला याचं कारण सांगत बसत नाही. चालून बघितलं की तिचं तिलाच समजतं.

धुरंधरांची चित्रंही त्याच ट्रंकेतली. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ सालचे, कोल्हापूरचे. कोळीण, ब्राह्मणीण, पारशीण यांची नेसण त्यांनी अशी टिपली, की चेहरा झाकला तरी बाई कुठली ते सांगता यावं. पदर कुठल्या खांद्यावरून आला, ओचा कुठं खोवला, काठ पोटरीवर की घोट्यावर, हे सगळं त्यात आहे. नाटकाचे कपडे शिवायचं काम आलं, की मी आजही आधी धुरंधर उघडते, मग मोबाईल.

कोल्हापूरचंच दुसरं नाव भानू अथय्या. बेळगावहून निपाणीमार्गे एस.टी.नं दोन-तीन तासांत गाठता येणाऱ्या गावातल्या मुलीला ऑस्कर मिळालं, हे सर अशा थाटात सांगायचे, जणू ती आपल्याच शाळेची! त्या मूळच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानूताई स्वतः जे. जे. त चित्रकला शिकल्या, मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, आणि मग त्या सिनेमाच्या कपड्यांकडे वळल्या. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. मला त्या बक्षिसापेक्षा त्या सिनेमातली खादी जास्त शिकवून गेली. तिथं नवं कापडही कोरं वाटत नाही. वापरलेलं, धुतलेलं, अंगाला सरावलेलं वाटतं. फॅशन शोमधल्या कपड्यांपुढं मी फार वेळ थांबत नाही, पण त्या सिनेमातल्या गर्दीतला एकेक सदरा थांबवून थांबवून बघितलाय.

फोटोग्राफीचं मला काही कळत नाही. तरी होमाई व्यारावाला यांचं नाव घ्यायला हवं. जन्म १९१३, नवसारीचा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, ‘डालडा १३’ या नावानंही काम केलेल्या. साडी नेसून, भलामोठा स्पीड ग्राफिक कॅमेरा उचलून त्या दिल्लीत पुढाऱ्यांचे फोटो काढत. त्यांचा तसा एक फोटो बघितल्यापासून ट्रायलला आलेल्या प्रत्येक बाईला मी दोन्ही हात वर करायला लावते. मुंढा ओढला किंवा पाठ वर सरकली, की ब्लाऊज परत उसवायचा. बाया हसतात. हसू देत.

“आमच्या बेळगावात काय आहे?” असं विचारणाऱ्या मुलांनाही सांगते. चित्रकार रवी परांजपे १९३५ मध्ये इथंच जन्मले आणि के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकले. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, तर फुकटात बघायला मिळते. तिथं छताकडे मान वर करून दगडाचं कमळ बघावं. सर आम्हाला फरशीवर उताणं झोपवून ते काढायला लावायचे आणि आमची पाठ गारठायची.

तर ड्रॉइंगच्या आताच्या शिक्षकांना एक विनंती. दुकानात ब्लाऊजपीसचे, काठांचे तुकडे पोत्यानं साठतात. खण, इरकल, सुती, सिल्क, सगळे. वस्तुचित्राला दरवेळी तांब्या-भांडं मांडण्यापेक्षा एखादा तुकडा खुर्चीवर टाकून बघा. निरोप पाठवा, पोतं मी स्वतः शाळेत आणून देते.