समुद्रतळावरची भाऊबंदकी

आमच्या पडवीच्या कठड्यावर सध्या दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एक तारकर्लीला ओहोटीच्या वेळी सापडलेली पांढरी, चपटी, तळहातात मावणारी; तिच्या पाठीवर सुईने टोचून काढावी तशी पाच पाकळ्यांची नक्षी आहे. दुसरी कच्छच्या ज्युरासिक खडकांतली, मित्राने दिलेली. करंगळीच्या नखाहून लहान, पंचकोनी, मधोमध बारीक भोक असलेली. शेजारचे काका, ज्यांचे आयुष्य रापण ओढण्यात गेले, त्यांनी दुसरी चकती उचलून विचारले, "ह्यो मणी खंयचो?" त्यांचे फारसे चुकले नव्हते. उत्तर इंग्लंडमध्ये अशाच चकत्यांना संत कथबर्टचे मणी म्हणत असत.

हा मणी म्हणजे क्रिनॉईडच्या, अर्थात समुद्रलिलीच्या, देठाचा एक पेर आहे. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे, आणि तोही तारामासा व समुद्री साळू (काट्यांनी भरलेला गोलसर समुद्री जीव) यांच्याच कंटकचर्मी कुळातला. तारामासा तोंड खाली करून चालतो. क्रिनॉईड मात्र तोंड वर करून, पिसांसारखे बाहू पसरून, प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण टिपतो. त्याच्या देठाची चकती फुटली की फुटलेली बाजू आरशासारखी चमकते, कारण प्रत्येक पेर कॅल्साइटच्या एकाच स्फटिकासारखा वागतो. माझ्या मण्याचा एक कोपरा टवका उडालेला आहे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तेवढाच लखलखतो.

असा मणी कोकणात खणून मिळणार नाही. आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आणि जांभा त्याचीच झीज होऊन झालेला. समुद्रतळाचा गाळ त्यात नाही. क्रिनॉईड तर सुमारे ४८ कोटी वर्षांपासून आहेत, आणि २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात त्यांचा वंश जेमतेम तगला.

तारकर्लीची चकती मृत सँड डॉलरची आहे, म्हणजे चपट्या झालेल्या समुद्री साळूची. हे कळल्यापासून दोन्ही वस्तू एकत्र ठेवताना मला थोडे हसू येते, कारण या दोन घराण्यांत जुनी भाऊबंदकी आहे. सँड डॉलर स्वतः वाळूतले बारीक कण खाणारा, निरुपद्रवी. पण त्याचे काही काटेरी चुलतभाऊ खोल समुद्रात समुद्रलिलींना कुरतडतात. पोलंडमधल्या, ज्युरासिकच्या आधीच्या ट्रायासिक काळातल्या देठांवरही साळूच्या दातांचे ओरखडे सापडले आहेत. देठाची समुद्रलिली एका जागी रुजून बसते, असे पूर्वी मानले जाई; परंतु बाउमिलर आणि मेसिंग या संशोधकांनी २००५ मध्ये बहामाजवळच्या खोल पाण्यातले जे चित्रण पुढे आणले, त्यात एक समुद्रलिली बाहूंच्या आधाराने तळावरून सेकंदाला ४ ते ५ सेंटिमीटर वेगाने स्वतःला ओढत नेताना दिसते. मागे लागलेल्या साळूच्या तोंडी, पाल शेपूट टाकते तसे, देठाचे टोक सोडून ती निसटत असावी, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो. साळूची चाल तिच्यापुढे फारच मंद.

आज जिवंत असलेल्या क्रिनॉईडच्या सहाशेहून अधिक जातींपैकी बहुसंख्य पीसतारे, म्हणजे मोठेपणी देठ नसलेले क्रिनॉईड, आहेत. त्यांनी देठाचा प्रश्न कायमचा मिटवला: लहानपणी पीसताऱ्याला इवलासा देठ असतो आणि पुढे तो त्यापासून सुटून मोकळा होतो. देठावरचे हे पिल्लू आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांना सापडले तेव्हा त्यांनी ते निराळाच प्राणी म्हणून नोंदवले होते; ते पीसताऱ्याचेच बालरूप असल्याचे त्यांनीच पुढे १८३६ मध्ये दाखवून दिले.

देठवाले खोल पाण्यात राहतात, पण पीसतारे उथळ पाण्यातल्या खडकांतही असतात. म्हणून मालवणला पर्यटकांना स्कुबासाठी नेणाऱ्या ओळखीच्या मुलांना मी सांगून ठेवले आहे, की खडकाच्या फटीत बाहू गुंडाळून बसलेले पिसांचे झुबकेदार काही दिसले तर हात न लावता फोटो तेवढा काढून आणा; आणि शक्य झाल्यास रात्री उतरा, कारण त्यांतले बरेच जण अंधार पडल्यावरच बाहू उघडतात.