अटलांटा–नॅशव्हिल वाटेवर लिंचबर्ग: जॅक डॅनियल्सचा थांबा

आय-२४ वर मँचेस्टरजवळ एक्झिट १११ घ्यायची आणि ५५ नंबरच्या रस्त्याने टलाहोमामार्गे टेनेसीतले लिंचबर्ग गाठायचे. हायवे सोडल्यापासून पाऊण तास धरा. जॅक डॅनियल्स ही टेनेसी व्हिस्की जिथे बनते त्या डिस्टिलरीसाठी तीन तास राखून ठेवा, त्याहून कमी वेळ असेल तर वाट वाकडी करू नये. टूरचे बुकिंग आधीच ऑनलाइन करावे. शनिवारी आयत्या वेळी जागा मिळेलच असे नाही. टेस्टिंगची टूर २१ वर्षांवरच्यांसाठीच असते. भारतातून आलेल्या आईबाबांचा मूळ पासपोर्ट सोबत असू द्या, पांढरे केस पुरावा म्हणून चालतीलच असे नाही.

आवारात शिरताना झाडांची खोडे आणि गोदामांच्या भिंती काळ्याकुट्ट दिसतील. ती काजळी नव्हे. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर वाढणारी ती बुरशी आहे.

खरी बघण्याजोगी गोष्ट म्हणजे कोळसा. शुगर मेपलच्या फळ्या रचून त्यांवर ७० टक्के अल्कोहोलची कच्ची व्हिस्की ओततात आणि पेटवतात. तो कोळसा सुमारे १० फूट उंच टाक्यांत दाबून भरतात आणि नवी दारू त्यातून थेंबथेंब झिरपवतात. बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि टेनेसी व्हिस्की यांत मुख्य फरक एवढाच. बाकी धान्य (इथे ८० टक्के मका, १२ टक्के बार्लीचे माल्ट, ८ टक्के राय हे गव्हासारखे धान्य) आणि आतून जाळलेले नवे ओकचे पिंप बर्बनलाही चालले असते. गाइडने टाकीचे झाकण उघडले तर वास जरूर घ्या, पण नाक आत खुपसू नका, झिणझिण्या येतात. वाफ असते तिथे फोन बंद ठेवायला सांगतात.

लिंचबर्ग ज्या मूर काउंटीत आहे ती ‘ड्राय’ आहे, म्हणजे तिथे दारूविक्रीवर बंदी आहे. डिस्टिलरीच्या दुकानात बाटली मिळते, पण गावातल्या हॉटेलात जेवणाबरोबर पेग मिळेल ही आशा ठेवू नका. मिस मेरी बोबोज् इथे पंगतीसारखे एका टेबलावर बसून जेवण असते, त्यालाही आधी बुकिंग लागते. शाकाहाऱ्यांनी बीन्सबद्दलसुद्धा विचारून घ्यावे. दक्षिणेत भाज्यांत डुकराचे मांस घालायची पद्धत आहे.

गाडी चालवणाऱ्याने टेस्टिंग घेऊच नये. रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.०८ टक्के असली तरी लहान लहान घोटांची बेरीज पटकन होते. बाटली डिकीत ठेवा, मात्र उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत दिवसभर नको. बूच सैल होऊन गळते. भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. लेबलवरचे प्रूफ १४० च्या वर, म्हणजे अल्कोहोल ७० टक्क्यांहून जास्त असेल, तर ती बाटली विमानात चेक-इनमध्येही चालत नाही. इथल्या काही खास बाटल्या तेवढ्या कडक निघतात.

अटलांटाकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: लिंचबर्गचे घड्याळ एक तास मागे असते. येताना तो तास फुकट मिळतो, परतीला मात्र द्यावा लागतो, तेव्हा दुपारची शेवटची टूर घेऊ नका.