थांब्याचे नाव

दुपारच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली की माझे डोळे मिटू लागतात आणि मग वेळेवर उतरण्याची सगळी भिस्त पुढचा थांबा सांगणाऱ्या त्या ध्वनिमुद्रित बाईंवर असते. परवा त्या बाईंनी नेहमीच्या निर्विकार आवाजात एका पबचे नाव घेतले आणि मी डोळे उघडून बाहेर पाहिले. तिथे पब नाही. कित्येक वर्षांपासून नाही. एका सुपरमार्केटची लहानशी शाखा आहे, आणि पूर्वी जिथे बार होता तिथे आता दुधाच्या बाटल्यांचे फ्रीज घरघरत असतात. थांबा मात्र जुन्याच नावाने उभा आहे. तिथे उतरणाऱ्या शाळकरी मुलांना हे नाव कोणाचे, असा प्रश्न कधी पडत असेल असे वाटत नाही.

लंडनमध्येही हीच तऱ्हा आहे. एंजल, एलिफंट अँड कॅसल, स्विस कॉटेज, रॉयल ओक, मॅनर हाउस ही भुयारी रेल्वेची स्थानके पबांच्या किंवा जुन्या खानावळवजा सरायांच्या नावांवरून ओळखली जातात. म्हणजे आधी पिण्याची जागा, मग चौक, मग स्टेशन. पत्ता सांगायचा तर देवळापासून सुरुवात करायची, अशा गावातून मी आले असल्यामुळे पहिली काही वर्षे मला हे फार गमतीचे वाटे.

लग्नानंतर मी इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, ब्लॅक कंट्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात राहायला आले. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या यांच्या काजळीवरून हे नाव पडले असे इथले लोक सांगतात. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळलेल्या माणसाला संध्याकाळी पोटभर पिता येईल पण फार चढणार नाही असे काहीतरी लागे, म्हणून इथे माइल्ड नावाची काळसर, सौम्य बिअर रुजली आणि तिच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर पब उभे राहिले. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरून परवाना घेणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकण्याची मुभा दिली, त्यामुळे राहत्या घराच्या पुढच्या खोलीतही बार निघाले. आमच्या कोपऱ्यावरचा पब त्याच जातीचा होता. बाहेरून पाहिले तर घरच वाटावे, फक्त दारावर एक पाटी लोंबती.

माझ्या लहानपणीच्या मिरजेत एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक परमिट रूम होती. अर्धे झुलते दार, त्यामागे मळकट पडदा, आत हिरवट उजेड, वर मोठ्या अक्षरांत पाटी आणि पाटीच्या तळाशी लहान अक्षरांत 'फॅमिली रूमची स्वतंत्र सोय'. मी नुकतीच वाचायला शिकले होते आणि दिसेल ती पाटी मोठ्याने वाचण्याची मला खोड होती. "बाबा, आपण फॅमिली आहोत ना? मग आत का जात नाही?" असे मी भररस्त्यात विचारले, तेव्हा बाबांनी काही न बोलता माझे बोट घट्ट धरून रस्ता ओलांडला. त्यानंतर ती परमिट रूम आली की आम्ही नेहमीच पलीकडच्या बाजूने चालू लागलो.

एकदा मात्र ओलांडायला उशीर झाला. आमच्या वाड्यातलेच एक काका पडद्यातून बाहेर पडले, तळहातावर बडीशेप, आणि थेट बाबांच्या समोर उभे राहिले. बाबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले, काकांनी वाकून चपलेचा अंगठा चाचपला, आणि दोघे एकमेकांना न पाहता एकमेकांच्या अंगावरून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर काका म्हणाले, "काय मास्तर, दोन दिवस दिसला नाहीत!" बाबाही म्हणाले, "हो ना, जरा गडबड होती." १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो, हे मला फार पुढे कळले. काका आरोग्य राखून येत होते, एवढेच.

त्यामुळे शेजारच्या आजीबाईंनी मला पहिल्यांदा पबमध्ये नेले तेव्हा मी दारातच थबकले होते. दार नुसते उघडे होते. आत एक कुत्रा झोपला होता, एका टेबलाशी शाळेच्या गणवेशातली मुलगी बटाट्याचे वेफर्स खात गृहपाठ करत होती आणि तिचा आजोबा शेजारी बसून पेपर वाचत होता. कोणी घड्याळाकडे पाहिले नाही, कोणी चपलेकडे पाहिले नाही. बारमागच्या बाईंनी "ऑल राइट, बॅब?" असे विचारले, या भागात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना असेच म्हणतात. मी लिंबाचे सरबत मागितले आणि त्यांनी जराही भुवई न उंचावता ते दिले.

पुढे मी माइल्डचा अर्धा पाइंट घेऊ लागले. तो ओतताना पाहण्यासारखा असतो. तळघरातल्या पिंपातून बिअर वर ओढायची तर लाकडी मुठीचा दांडा सावकाश, अंगाचा भार टाकून खेचावा लागतो. पेल्यात आधी नुसता फेस येतो, मग फेसाखालून काळसर द्रव चढत जातो, आणि चांगली बाई दुसऱ्या खेचीला पेला बरोबर काठाशी आणून थांबवते. अशी पिंपातली बिअर जिवंत असते, तिच्यात यीस्ट काम करत असते, त्यामुळे पिंप एकदा फोडले की तीनएक दिवसांत संपवावे लागते. गिऱ्हाईक कमी झाले की बिअर आंबते, आंबली की उरलेले गिऱ्हाईकही जाते. पब कसे मरतात याचा हा सर्वांत छोटा नमुना आहे.

बारवर काचेच्या झाकणाखाली चीज आणि कच्चा कांदा भरलेले गोल पाव असत. खिडकीपाशी चार म्हातारे डॉमिनो खेळत. सोंगट्या टेबलावर इतक्या जोरात आपटत की कुत्रा दर वेळी कान हलवी. त्यांच्यापैकी प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. मला इथे बसताना कोणाशी बोलावे लागत नसे आणि तरी एकटे वाटत नसे. परदेशात घर चालवणाऱ्या बाईला ही सोय किती मोठी असते, हे ज्या परदेशात राहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

माझा एक हट्ट आहे. ज्या पबमध्ये गालिचा नाही तिथे मी बसत नाही. लाल-निळ्या वेलबुट्टीचा, वर्षानुवर्षे बिअर पिऊन किंचित चिकट झालेला तो गालिचा उपटून फळ्यांची चकचकीत जमीन केली, पाटीच्या दगडावर खडूने मेन्यू लिहिला आणि चिप्स छोट्या पत्र्याच्या बादलीत आणून दिल्या की समजावे, डॉमिनोवाल्यांची खुर्ची गेली. घरातल्यांना माझा हा हट्ट मुळीच पटत नाही. त्यांना बादलीतल्या चिप्स आवडतात.

पब का बंद पडतात, याची कारणे इथे कोणालाही विचारावीत, तो बोटांवर मोजून दाखवतो. सुपरमार्केटमध्ये बिअर कितीतरी स्वस्त मिळते. २००७ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये आत बसून सिगारेट ओढता येत नाही. बिअरवरचा कर वाढत गेला, मग करोना आला, आणि २०२२ मध्ये विजेच्या बिलांनी उरलीसुरली कंबर मोडली. या धंद्याच्या संघटनेचे आकडे सांगतात की २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात पब होते, आता ते ४५,००० च्या आसपास आहेत. ही सगळी कारणे खरी आहेत. पण माझ्या मते त्यांच्या मागे आणखी एक कारण उभे आहे आणि ते पेल्यात नसून सात-बाऱ्यात आहे.

पबला सगळे जण 'आपला' म्हणतात, पण तो क्वचितच बारमागे उभ्या असलेल्या माणसाचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या पब बिअर गाळणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे होते. चालवणारा भाडेकरू, आणि त्याने बिअर मालकाकडूनच, मालक सांगेल त्या भावाने घ्यायची. ही मक्तेदारी मोडावी म्हणून सरकारने १९८९ मध्ये फर्मान काढले की दोन हजारांहून अधिक पब ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दोन हजारांच्या वरच्यांपैकी निम्मे या अटीतून मोकळे करावेत. हेतू उत्तम होता. झाले असे की कंपन्यांनी पबांचे गठ्ठे विकले आणि ते घेतले बिअर न गाळणाऱ्या, नुसते पब बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांनी. भाडेकरू भाडेकरूच राहिला, बिअर ठरलेल्या ठिकाणाहून घेण्याची अटही बहुतेकांच्या मानेवर राहिली, आणि मालकाच्या लेखी पब म्हणजे कोपऱ्यावरचा, मागे अंगण आणि गाड्या लावायला जागा असलेला एक भूखंड उरला. त्यावर फ्लॅट किती बसतील हा हिशेब एकदा कोणी मांडला की डॉमिनोवाले चार म्हातारे त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या हिमलीजवळचा 'क्रूकेड हाउस' यामुळेच सगळ्या देशाच्या तोंडी झाला. १७६५ सालचे हे शेतघर खालच्या खाणींमुळे एका अंगाला खचले आणि मग पब म्हणून त्या वाकडेपणावरच जगले. आत उभे राहिले की पोटात ढवळे, आणि टेबलावर ठेवलेली गोटी चढावर गडगडत जाताना दिसे. मुलांना घेऊन आम्हीही ती गोटी पाहायला गेलो होतो. २०२३ च्या जुलैमध्ये ते विकले गेले, ५ ऑगस्टच्या रात्री तिथे आग लागली आणि ७ तारखेला ते पाडून विटांचा ढीग झाला. लोक त्या ढिगाशी फुले ठेवायला गेले. पुढच्या फेब्रुवारीत स्थानिक कौन्सिलने ते होते तसे, म्हणजे वाकडेच, पुन्हा बांधण्याची नोटीस काढली. हे अशक्य वाटते, पण लंडनमधला 'कार्लटन टॅव्हर्न' २०१५ मध्ये परवानगीविना पाडल्यावर कौन्सिलने तो विटेला वीट लावून पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडला.

मात्र सगळ्याच जुन्या पबांसाठी गळा काढावा, असेही नाही. इथून जवळच्या स्मेदिकमध्ये काही पब गोऱ्यांखेरीज इतरांना ठरावीक खोल्यांत बसू देत नसत. भारतीय कामगारांच्या संघटनेने त्याविरुद्ध चळवळ केली, आणि १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना तिथे बोलावले तेव्हा त्यांनाही एका पबमध्ये नकार मिळाला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या वंशभेदविरोधी कायद्याने पबांना हा भेद करायला बंदी केली. बायकांची कथा तर त्याहून लांबली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका बारमध्ये स्त्रियांना बारपाशी उभे राहून पेय मागता येत नसे, आणि तो नियम अपील कोर्टाने मोडला १९८२ मध्ये. मिरजेच्या फॅमिली रूमची पाटी वाचणारी मी तेव्हा जन्मलेली होते, म्हणजे ही काही इतिहासजमा गोष्ट नव्हे.

आणि गंमत अशी की, ज्यांना दारात अडवले त्यांच्याच मुलांनी-नातवंडांनी पुढे या भागातले कितीतरी बंद पडत आलेले पब चालवायला घेतले. त्यांना देसी पब म्हणतात. आत क्रिकेटचा सामना, तंदूरवरून धूर काढत येणारे मिक्स्ड ग्रिल, माइल्डचा पाइंट आणि जुने गोरे गिऱ्हाईक आपल्याच खुर्चीवर. वेस्ट ब्रॉमविचच्या 'रेड लायन'मध्ये तर या स्थलांतरितांची कथा सांगणारी रंगीत काचेची खिडकी बसवली आहे. गालिचाही असतो.

आमच्या कोपऱ्यावरचा पब गेल्या हिवाळ्यात बंद झाला. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आहेत. २०११ च्या कायद्यामुळे एखादी जागा गावकीच्या उपयोगाची आहे अशी नोंद कौन्सिलकडे करता येते, आणि मग ती विकायला काढली तर बोली लावायला गावाला सहा महिने मिळतात; लंडनच्या नन्हेडमधला 'आयव्ही हाउस' २०१३ मध्ये लोकांनी अशाच तऱ्हेने विकत घेतला. आमच्याकडेही चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. चहा फार पांचट होता. चार म्हाताऱ्यांपैकी तिघे आले होते आणि चौथा कुठे आहे हे कोणी विचारले नाही, कारण सगळ्यांना माहीत होते. भागभांडवल किती लागेल याचा आकडा फळ्यावर लिहिल्यावर हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शेजारच्या आजीबाईंनी पर्समधून चेकबुक काढले, आणि त्यांच्यामागून मीही नाव नोंदवले. जमेल असे मला फारसे वाटत नाही.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "जावईबापू सांगत होते, कसलीशी वर्गणी दिलीस म्हणे?" मी म्हटले, गावातली एक जुनी वास्तू आहे, पडायला आली आहे, लोक मिळून वाचवताहेत. ती म्हणाली, "चांगलं केलंस. जीर्णोद्धाराला दिलेलं कधी वाया जात नाही." देऊळ कुठल्या देवाचे, हे तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.