बोनस चान्स: डाव्या चक्रातली चेरी (तिसऱ्या महिन्याची नोंद)

‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ या खेळात टप्पा पार केल्यावर ‘बोनस चान्स’ नावाचे जे स्लॉट मशीन पडद्यावर येते, त्याच्यावर मी गेले तीन महिने ठरवून सराव करतो आहे. बहुतेक खेळाडू तो नशिबाचा भाग समजतात, तीन वेळा बटण दाबतात आणि पुढच्या टप्प्याकडे वळतात; मीही कित्येक वर्षे तेच केले. आता वहीतल्या नोंदी पाहता माझी खात्री झाली आहे की या मशीनवर नशिबाचा वाटा फार थोडा आहे, आणि सराव करायचाच असेल तर तो आधी डाव्या चक्राचा करावा.

लहानपणी, नव्वदच्या दशकात, ज्याला आम्ही नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू त्या नकली संचांवर पहिला मारिओ खूप खेळलो. हा दुसरा भाग मला न्यू जर्सीत आल्यावर भेटला. अमेरिकेत तो 1988 साली आला. जपानमध्ये 1987 साली निन्टेन्डोच्या ‘डिस्क सिस्टिम’ या यंत्रासाठी निघालेल्या ‘डोकी डोकी पॅनिक’ या खेळातली पात्रे बदलून तो तयार केलेला आहे, आणि म्हणूनच त्याची चाल पहिल्या मारिओपेक्षा इतकी वेगळी वाटते. या खेळात सेव्ह करण्याची सोय नाही, पासवर्ड नाही, आणि खेळ संपल्यावर फक्त दोनदा पुढे चालू ठेवता येतो. त्यामुळे 20 टप्पे पार करून वॉर्ट या शेवटच्या खलनायकापर्यंत पोहोचायचे तर गाठीशी लाइफ हव्यात, आणि त्या मिळवण्याचा मोठा मार्ग हे मशीन आहे.

मशीनचा हिशोब असा आहे. टप्प्यात जमवलेल्या प्रत्येक नाण्यामागे एक डाव मिळतो. चेरी, सलगम, तारा आणि स्निफिट (मुखवटा घातलेला एक शत्रू) अशी चार चित्रे तीन चक्रांवर फिरतात. डाव्या चक्रात चेरी आली की बाकी दोन चक्रांत काहीही येवो, एक लाइफ मिळते. डाव्या आणि मधल्या अशा दोन्ही चक्रांत चेरी आली तर दोन, आणि तिन्ही चेऱ्या जुळल्या तर पाच. चेरी सोडून दुसरे कोणतेही चित्र तिन्ही चक्रांत जुळवले तरी मिळते एकच लाइफ, म्हणजे जेवढी नुसत्या डाव्या चेरीला मिळते तेवढीच. तीन तारे जुळवण्यासाठी मी एके काळी किती नाणी घालवली ते आठवले की आज वाईट वाटते. डावीकडे चेरी थांबली नाही तर ते नाणे जवळजवळ गेलेच, असे धरून पुढच्या नाण्यावर लक्ष द्यावे. (1993 च्या ‘ऑल-स्टार्स’ आवृत्तीत सातचा आकडाही आहे आणि तीन सातांना दहा लाइफ मिळतात, पण माझा सराव मूळ कॅसेटवरचाच आहे.)

नाणी जमवण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी निम्मी सुधारणा तिथेच झाली. गवत उपटताना औषधाची कुपी हाती लागते. ती जमिनीवर फेकली की दार उभे राहते आणि त्या दारातून आपण सब-स्पेसमध्ये जातो. तिथे त्याच पडद्याची आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा असते, पहिल्या मारिओची ओळखीची धून वाजत असते, आणि उपटलेल्या प्रत्येक गवतातून भाजीऐवजी नाणे निघते. पडदा पुढे सरकत नाही. म्हणून कुपी सापडली तिथेच फेकण्याऐवजी ती उचलून दाट गवतापर्यंत न्यावी आणि तिथले गवत तोवर अजिबात उपटू नये. एका टप्प्यात पहिल्या दोन खेपांनाच नाणी मिळतात, त्यामुळे घाईने उघडलेले एक दार पुढचा सगळा हिशोब बिघडवते. शिवाय ताकद वाढवणारे मशरूमही सब-स्पेसमध्येच ठरलेल्या जागी असते, आणि ती जागा व दाट गवत एकाच पडद्यावर असतेच असे नाही. मी सुरुवातीच्या टप्प्यांत नाण्यांना आणि सहाव्या जगापासून (टप्प्यांच्या गटाला या खेळात ‘जग’ म्हणतात) पुढे मशरूमला प्राधान्य देतो. आत थांबायला मोजकेच सेकंद मिळतात, म्हणून खेळायच्या पात्रांपैकी उपटण्यात सर्वांत चपळ असलेला टोड मी निवडतो. पीच या दुसऱ्या पात्राचे तरंगणे मला मनापासून आवडते, पण तिला गवत उपटायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात एखादे नाणे जमिनीतच राहून जाते.

आता मशीनबद्दल. पहिल्या महिन्यात मी दिवाणखान्यातल्या सपाट टीव्हीवर खेळत होतो आणि हाताला काही केल्या लय सापडत नव्हती. जुन्या संचाचे चित्र सपाट टीव्हीत दिसेपर्यंत थोडा उशीर होतो. खेळ सेकंदाला 60 फ्रेम या गतीने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 17 मिलिसेकंदांची. तीनचार फ्रेम मागे पडले तरी डोळ्यांना चेरी दिसत असताना चक्र पुढच्या चित्राकडे गेलेले असते. दुसऱ्या महिन्यात मी एका घरगुती विक्रीतून ट्यूबचा जुना टीव्ही आणला, आणि पहिल्याच संध्याकाळी फरक जाणवला.

तरीही काही वेळा बटण दाबूनही चक्र थांबत नसे. कंट्रोलर उघडला तेव्हा ए बटणाखालच्या रबरावरचा काळा ठिपका गुळगुळीत झालेला आणि सर्किटच्या पाटीवरचा भाग मळलेला दिसला. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पाटी हलक्या हाताने पुसली, रबर नुसत्या कोरड्या कापडाने टिपले आणि पूर्ण वाळेपर्यंत झाकण लावले नाही. त्यानंतर बटण प्रत्येक वेळी लागते आहे. ज्यांचा कंट्रोलर जुना आहे त्यांनी सरावाआधी हे काम करावे, नाहीतर हाताची चूक कोणती आणि बटणाची कोणती हे कळत नाही.

चक्रांवरची चित्रे ठरावीक क्रमाने बदलतात. मी फोनवर संथ गतीचे चित्रण करून तिन्ही चक्रांचा क्रम एका कार्डावर काढला आणि ते कार्ड टीव्हीच्या कडेला चिकटवले. सुरुवातीला मी चेरी दिसली की बटण दाबत असे. ते उशिराचे होते. आता चेरीच्या आधीचे चित्र ओळखायचे आणि त्याच्यावर अंगठा खाली न्यायचा, अशी सवय लावली आहे. पहिली दोन आवर्तने बटणाला हात न लावता नुसती पाहतो, तिसऱ्या आवर्तनात दाबतो. नजर डाव्या चक्रावर खिळलेली असते, मधले आणि उजवे फिरत असले तरी तिकडे पाहायचेच नाही. डावे थांबले की श्वास सोडायचा, नजर मधल्या चक्रावर न्यायची आणि पुन्हा दोन आवर्तने जाऊ द्यायची. हे थांबणे शिकायला मला सर्वांत जास्त दिवस लागले, कारण डावी चेरी आली की आनंदाने अंगठा आपोआप दुसऱ्यांदा पडतो.

वहीतली सुरुवातीची 50 नाणी अशी आहेत: डावी चेरी 9 वेळा, त्यांतल्या एका खेपेला मधलीही, तिन्ही एकदाही नाही, शिवाय एकदा तीन सलगम. एकूण 11 लाइफ. गेल्या दोन आठवड्यांतल्या 50 नाण्यांमध्ये डावी चेरी 31 वेळा आली. त्यांपैकी 17 वेळा फक्त डावी, 10 वेळा डावी व मधली, आणि 4 वेळा तिन्ही, म्हणजे 57 लाइफ. दोनदा तारे जुळले ते वेगळे, तेव्हा बेरीज 59 झाली. पहिल्यांदा तीन चेऱ्या एका रेषेत थांबल्या तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

उणीव उजव्या चक्राची आहे. दोन चेऱ्या जुळल्या असताना तिसरी 14 पैकी 10 वेळा हुकली, आणि त्यांतल्या बहुतेक वेळा मी एक चित्र आधी थांबलो, उशिरा नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या दोन चक्रांकडे दुर्लक्ष करून फक्त उजव्या चक्रावर 50 नाणी खर्च करणार आहे. त्यासाठी पहिल्या जगातले तीनच टप्पे पुन्हा पुन्हा खेळायचे, 1-3 (पहिल्या जगाचा तिसरा टप्पा) मधल्या, चौथ्या जगाकडे नेणाऱ्या रांजणात शिरायचे नाही, आणि प्रत्येक नाण्यामागे ‘आधी’ किंवा ‘नंतर’ एवढाच शब्द वहीत लिहायचा, असे ठरवले आहे. उजव्या चक्राच्या क्रमाचे नवे कार्ड आज मोठ्या अक्षरांत काढून ठेवले.