शाळेच्या हॉलमध्ये भरणारं अपील कोर्ट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं सर्वोच्च न्यायालय आणि त्याखालचं अपील न्यायालय काही सुनावण्या थेट हायस्कूलमध्ये घेतात. 'कोर्ट्स इन द कम्युनिटी' हा उपक्रम १९८६ च्या १ मेला सुरू झाला. आपल्याकडे हा महाराष्ट्र दिन, तिकडे कायदा दिन. ओहायोतही सरन्यायाधीश थॉमस मॉयर यांनी १९८७ मध्ये असाच पायंडा पाडला.

हा अभिरूप खटला नव्हे. पक्षकार खरे, वकील खरे आणि निकालही बंधनकारक.

मुलांची पहिली निराशा ठरलेली: साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही, उलटतपासणी नाही. अपिलात नवा पुरावा येत नाही. खालच्या कोर्टाने कायदा नीट लावला का, एवढंच तपासायचं असतं. कोलोरॅडोत अपील न्यायालयाचं पीठ तिघांचं आणि प्रत्येक बाजूला साधारण १५ मिनिटं. सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती आणि ३० मिनिटं. (राज्यघटनेवरच्या गाजलेल्या केशवानंद भारती खटल्याचा युक्तिवाद आपल्याकडे ६८ दिवस चालला होता!) इतक्या थोड्या वेळाचं कारण म्हणजे लेखी युक्तिवाद आधीच वाचलेला असतो. वकील दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच प्रश्न येतो, आणि उत्तर देताना घड्याळ थांबत नाही. अपीलकर्ता प्रत्युत्तरासाठी काही मिनिटं राखून ठेवतो. प्रश्नांत तीही खर्ची पडतात.

म्हणून खरं काम आधीच्या आठवड्यांतलं. स्वयंसेवक वकील वर्गात येऊन प्रकरण समजावतात. दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद जसेच्या तसे मुलांच्या हाती दिले तर बहुतेक जण तिसऱ्या पानावर अडकतात. त्यापेक्षा एका पानात घटनाक्रम, खालच्या कोर्टाचा निर्णय आणि वादाचा नेमका मुद्दा द्यावा. मग वर्गाचे दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला लावाव्यात. ही तयारी टाळलेली शाळा सुनावणीच्या दिवशी लगेच ओळखू येते: दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू.

प्रकरणाची निवडही तितकीच नाजूक. पोलिसांनी गाडीची घेतलेली झडती मुलांना चटकन कळते. विम्याच्या कलमावरचा वाद कायद्याच्या दृष्टीने कितीही मोलाचा असला, तरी हॉल झोपतो. पक्षकार त्याच गावातला असेल किंवा लैंगिक अत्याचाराचे तपशील येणार असतील, तर ते प्रकरण शाळेत नेऊच नये.

जागा निवडताना जिमपेक्षा, म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बंदिस्त हॉलपेक्षा, नाट्यगृह बरं. जिममध्ये आवाज घुमतो. न्यायमूर्तींपुढे प्रत्येकी एक माइक हवाच, कारण प्रश्न कुठूनही येतो. दोघांत एक दिला तर मागच्या रांगांना फक्त उत्तरं ऐकू येतात. तासाची घंटा तेवढ्यापुरती बंद ठेवायला सांगावं. ही गोष्ट हमखास विसरली जाते. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हेही आधीच बजावावं.

नंतरच्या प्रश्नोत्तरांत मुलं हटकून विचारतात, 'कोण जिंकलं?' प्रलंबित प्रकरणावर न्यायमूर्ती बोलू शकत नाहीत. कामाची पद्धत, शिक्षण, निकाल कसा लिहितात एवढंच सांगतात. प्रकरणाबद्दलचे प्रश्न वकिलांकडे वळवावेत. निकाल यायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. मेमध्ये, म्हणजे तिकडचं शालेय वर्ष संपत आल्यावर, सुनावणी झाली तर तोवर शेवटच्या वर्गातली मुलं शाळा सोडून गेलेली असतात, म्हणून निकालपत्र त्यांना पाठवायचं काम एका शिक्षकाने त्याच दिवशी अंगावर घ्यावं.